बाकावरचा कॅचर: ब्रूस बोचीच्या कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

मेजर लीग बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणून ब्रूस बोचीने नियमित मोसमातले २,२५२ सामने जिंकले आणि २,२६६ हरले. हरलेले सामने चौदाने जास्त. याच माणसाच्या नावावर वर्ल्ड सिरीजची, म्हणजे मोसमाच्या शेवटच्या मालिकेची, चार विजेतेपदं आहेत. चार किंवा त्याहून जास्त विजेतेपदं मिळवणारे मॅनेजर आजवर सहाच झाले. बोची सोडून बाकीचे पाच म्हणजे केसी स्टेंगल, जो मॅकार्थी, कॉनी मॅक, वॉल्टर ऑल्स्टन आणि जो टॉरी. नियमित मोसम संपल्यावर ऑक्टोबरात ज्या बाद फेऱ्या होतात, त्यांत बोचीचा हिशेब ५७ विजय आणि ३७ पराभव असा आहे.

सहा महिन्यांच्या लांब मोसमात जेमतेम बरोबरीला पोचणारा मॅनेजर ऑक्टोबर उजाडला की इतका वरचढ कसा ठरतो, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. माझ्या मते त्याचं उत्तर तिसऱ्या एका आकड्यात आहे. खेळाडू म्हणून, तोही राखीव कॅचर म्हणून (क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखी जागा), बोची नऊ मोसमांत मिळून ३५८ सामने खेळला. एका मोसमात संघाचे १६२ सामने होतात. म्हणजे मोसमाला सरासरी चाळीस सामने त्याच्या वाट्याला आले, आणि बाकीचा काळ बाकावर, बुलपेनमध्ये (राखीव पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, जिथे तयारी करतात त्या जागी) किंवा खालच्या लीगमध्ये गेला. बॅटिंगची सरासरी .२३९ (हजार संधींमागे २३९ हिट, म्हणजे बेस गाठून देणारे फटके), होमरन (षटकारासारखे फटके) २६. ज्याच्या नावाने तिकीट विकलं जाईल असा हा खेळाडू नव्हता.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. क्रिकेटमध्ये गोलंदाज बदलायचा निर्णय मैदानावरचा कप्तान घेतो. बेसबॉलमध्ये तो निर्णय डगआउटमध्ये बसलेल्या मॅनेजरचा असतो. पिचरला थांबवायचं असेल तर मॅनेजर स्वतः चालत मैदानाच्या मधोमध जातो, पिचरच्या हातातला चेंडू घेतो आणि बुलपेनमधून दुसऱ्याला बोलावतो. दुसरी गोष्ट अशी की एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. चांगल्या चाललेल्या पिचरला काढलं आणि नवा आलेला फुटला, तर दुरुस्तीची सोय नाही. हजारो लोकांसमोर, एका माणसाच्या तोंडावर त्याला 'पुरे' म्हणायचं आणि त्याचं बरंवाईट आपल्या डोक्यावर घ्यायचं, हे मॅनेजरचं काम.

कॅचरला हे काम जवळून दिसतं, कारण पिचरशी त्याचं रोजचं बोलणं असतं. होम प्लेटमागे उकिडवा बसून तो पुढचा चेंडू कुठला हे सुचवतो, बोचीच्या खेळण्याच्या काळात बोटांच्या खुणांनी. क्षेत्ररक्षण करणाऱ्या नऊ जणांपैकी सगळं मैदान ज्याच्या समोर पसरलेलं असतं असा हा एकटा. चेंडूची धार कधी कमी झाली, पिचरचा खांदा कधी उतरू लागला, हे ग्लोव्हवर आदळणाऱ्या चेंडूवरून त्याला आधी कळतं. पण गुडघ्यांवर इतका भार येतो की एकच कॅचर १६२ सामने खेळू शकत नाही. म्हणून प्रत्येक संघ दुसरा कॅचर ठेवतो. रात्रीच्या सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी सामना असेल तर हा दुसरा खेळतो. एरवी तो बुलपेनमध्ये राखीव पिचरांचे चेंडू झेलतो, दुखापतीतून उठणाऱ्याचा सराव घेतो, पिचरांच्या बैठकीत बसतो. खेळायला मिळत नाही, पण पहिल्या कॅचरइतकीच सगळी माहिती डोक्यात ठेवावी लागते, कारण पहिल्याच्या बोटाला कधी चेंडू लागेल याचा नेम नाही.

बोचीने हे काम तीन शहरांत केलं. त्याचा जन्म १९५५ चा, फ्रान्समधला. वडील अमेरिकी लष्करात होते आणि तेव्हा त्यांची नेमणूक तिथे होती. मुलाचं पुढचं लहानपण पनामा, साउथ कॅरोलिना, व्हर्जिनिया आणि शेवटी फ्लोरिडा असं बदलीच्या गावांत गेलं. ह्यूस्टन अॅस्ट्रोजने त्याला १९७५ मध्ये निवडलं, मेजर लीगमध्ये तो १९७८ च्या जुलैत आला. मग १९८२ मध्ये न्यूयॉर्क मेट्स आणि १९८३ ते १९८७ सॅन दिएगो पॅड्रेज. सॅन दिएगोत पहिला कॅचर टेरी केनेडी होता. केनेडी गेल्यावर जागा रिकामी झाली असं वाटेपर्यंत बेनिटो सँटियागो आला. १९८७ मध्ये सँटियागोने पहिल्या पूर्ण मोसमात सलग ३४ सामन्यांत हिट मारल्या आणि नॅशनल लीगचा, म्हणजे मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकाचा, सर्वोत्तम नवोदित ठरला. तो मोसम बोचीचा शेवटचा.

याच काळात पॅड्रेज १९८४ ची वर्ल्ड सिरीज खेळले आणि डेट्रॉइटकडून हरले. त्या अख्ख्या सिरीजमध्ये बोचीला एकदाच बॅट हातात मिळाली आणि त्या एका संधीत त्याने हिट मारली. १९८५ मध्ये त्याने नोलन रायनला, म्हणजे त्या पिढीच्या सगळ्यात वेगवान पिचरला, सामना तिथल्या तिथे संपवणारा होमरन मारला. राखीव खेळाडूचं सुख असं तुटक असतं. महिनाभर बसायचं आणि मग एका क्षणी, अंग थंड असताना, समोर रायन.

खेळताना त्याने पाच मॅनेजर पाहिले: ह्यूस्टनला बिल व्हर्डन, न्यूयॉर्कला जॉर्ज बँबर्गर, सॅन दिएगोला डिक विल्यम्स, स्टीव्ह बोरोस आणि लॅरी बोवा. विल्यम्स ओकलंडबरोबर दोनदा वर्ल्ड सिरीज जिंकून आलेला, तिखट जिभेचा. जो रोज खेळतो त्याला मॅनेजरशी फारसं बोलावं लागत नाही, फळ्यावर नाव लिहिलेलं असतंच. जो बसतो तो मॅनेजरचा प्रत्येक निर्णय पाहतो, आणि आपलं नाव का नाही हेही कधी सांगितलं जातं, कधी नाही, याची नोंद ठेवतो.

खेळणं थांबल्यावर बोची लगेच मोठ्या संघाच्या बाकावर गेला नाही, आणि या प्रकरणात मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. १९८८ मध्ये तो पॅड्रेजच्या खालच्या संघाकडून लास व्हेगासला खेळत होता आणि शिकवतही होता. पुढची चार वर्षं त्याने मायनर लीगमध्ये संघ सांभाळले: १९८९ मध्ये स्पोकेन, मग रिव्हरसाइड, हाय डेझर्ट आणि १९९२ मध्ये विचिटा. स्पोकेन ही तेव्हा जवळजवळ तळाची पायरी. तिथे कॉलेजातून नुकती निवडलेली मुलं यायची आणि त्यांतली बरीचशी मेजर लीगचं मैदान कधीच बघणार नसायची. या चार मोसमांत त्याने तीन वेळा त्या त्या लीगचं विजेतेपद मिळवलं. पण तिथलं खरं काम रोज कुणाला तरी 'तू आज बसतोस' किंवा 'तुला सोडतोय' हे सांगण्याचं असतं.

त्यानंतर १९९३ आणि १९९४ ही दोन वर्षं तो मोठ्या पॅड्रेज संघाचा थर्ड बेस कोच होता. थर्ड बेसजवळ उभं राहून धावणाऱ्याला 'थांब' की 'पळ' हे सांगणारा माणूस. निर्णयाला एखादा सेकंद मिळतो. संघ पैशाच्या चणचणीत होता, चांगले खेळाडू विकले जात होते, आणि १९९३ मध्ये पॅड्रेजने १०१ सामने गमावले. तिथून १९९५ च्या मोसमासाठी, एकोणचाळिसाव्या वर्षी, तो मॅनेजर झाला. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, संघ आपल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे लीगमधल्या गटात, पहिला आला आणि बोचीला नॅशनल लीगच्या सर्वोत्तम मॅनेजरचा मान मिळाला. १९९८ मध्ये पॅड्रेजने ९८ सामने जिंकले, वर्ल्ड सिरीज गाठली, आणि तिथे न्यूयॉर्क यांकीजने त्यांना ४-० धुतलं.

पुढची पाच वर्षं सलग तोट्याची. २००३ मध्ये ६४ विजय, ९८ पराभव. वर सांगितलेल्या २,२६६ पराभवांतला जवळजवळ पाचवा भाग इथला आहे. मोसमभराचा निकाल प्रामुख्याने खेळाडूंच्या दर्जाने ठरतो, आणि तो दर्जा विकत घ्यायला मालकाचा पैसा लागतो. मॅनेजर कितीही शहाणा असला तरी दुबळ्या संघाकडून नव्वद विजय काढू शकत नाही. २००५ आणि २००६ मध्ये पॅड्रेज पुन्हा डिव्हिजन जिंकले, दोन्ही वेळा पहिल्या फेरीतच सेंट लुइसकडून हरले, आणि २००७ पासून बोची सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे आला.

इथून गोष्ट रंगते.

जायंट्सने बॅरी झीटो या पिचरला सात वर्षांसाठी १२ कोटी ६० लाख डॉलरचा करार दिला होता. तोवर कुठल्याही पिचरला एवढी रक्कम मिळाली नव्हती. २०१० मध्ये झीटोने ९ सामने जिंकले, १४ हरले. मोसमाच्या शेवटच्या दिवशी जायंट्सने पॅड्रेजलाच हरवून डिव्हिजन जिंकली, आणि बाद फेऱ्यांसाठी २५ जणांची यादी करायची वेळ आली. बोचीने झीटोला यादीबाहेर ठेवलं. एका नव्हे, तिन्ही फेऱ्यांतून. संघातल्या सगळ्यात महागड्या पिचरला ऑक्टोबरभर गणवेशात बसवणं ही साधी गोष्ट नाही. ज्याला स्वतःला कधी कराराच्या जोरावर जागा मिळाली नाही, त्याला ते करता आलं असं मी म्हणेन.

दुसऱ्या बाजूला, यादीत कोण होते? कोडी रॉस, ज्याला फ्लोरिडाने ऑगस्टमध्ये मोकळं सोडलं होतं. तो नॅशनल लीगच्या अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एडगर रेंटेरिया, ज्याचा अर्धा मोसम दुखापतीत गेला होता. तो वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि मॅडिसन बमगार्नर, वय २१. त्याच अंतिम फेरीच्या, फिलाडेल्फियातल्या सहाव्या सामन्यात पिचर जोनाथन सांचेझ तिसऱ्या इनिंगमध्येच (एरवी सामन्यात प्रत्येक संघाला नऊ इनिंग, तीन बाद झाले की एक संपते) डळमळला, तेव्हा बोचीने वाट पाहिली नाही. जेरेमी अॅफेल्ट आला, मग एरवी सामना सुरू करणारा बमगार्नर मधल्या दोन इनिंगसाठी आला, मग हावियर लोपेझ, टिम लिन्सकम आणि शेवटी ब्रायन विल्सन. जायंट्स ३-२ ने जिंकले. सुरुवात करणाऱ्या पिचरला अडीअडचणीला मधे आणायचं हा प्रयोग इथे दिसला, आणि चार वर्षांनी त्याचं मोठं रूप पाहायला मिळालं. वर्ल्ड सिरीजमध्ये त्यांनी टेक्सास रेंजर्सना ४-१ हरवलं. टेक्सासचा कॅचर होता बेंजी मोलिना, ज्याला जायंट्सनेच मोसमाच्या मध्यावर टेक्सासला दिलं होतं, नवख्या बस्टर पोझीला जागा करून देण्यासाठी.

आणि झीटोचं काय झालं? २०१२ मध्ये नॅशनल लीगच्या अंतिम फेरीत जायंट्स सेंट लुइसविरुद्ध ३-१ ने मागे होते. पाचव्या सामन्यात हरले की मोसम संपला. बोचीने चेंडू झीटोला दिला. झीटोने ७⅔ इनिंगमध्ये एकही रन दिला नाही, वर स्वतः बंट मारून (बॅट नुसती चेंडूला टेकवून) एक रन आणला. जायंट्सने तो सामना, मग पुढचे दोन, मग डेट्रॉइटविरुद्धची वर्ल्ड सिरीज ४-० जिंकली. वर्ल्ड सिरीजचा पहिला सामनाही झीटोनेच जिंकून दिला. त्याच सामन्यात पाब्लो सँडोव्हालने तीन होमरन मारले. हा सँडोव्हाल २०१० च्या बाद फेऱ्यांत बहुतेक काळ बाकावर होता. दोन वर्षांपूर्वी बसवलेले दोघे एकाच रात्री उभे राहिले, हा योगायोग मानायला मी तयार नाही. बसवल्यावरही ज्याच्याशी नातं तुटत नाही, तोच पुन्हा असा कामाला येतो.

२०१४ हे या प्रकरणाचं हृदय आहे, म्हणून तिथे थोडं थांबू.

जायंट्स ८८ विजयांवर कसेबसे बाद फेरीत आले. वॉशिंग्टनविरुद्धचा दुसरा सामना १८ इनिंग, सहा तास तेवीस मिनिटं चालला. बारावी इनिंग आली तेव्हा बुलपेनमधले नेहमीचे भरवशाचे पिचर वापरून झाले होते. बोचीने युस्मेरो पेटिटला आणलं. पेटिट म्हणजे संघातला 'लाँग मॅन', सामना हातातून गेला किंवा फारच लांबला की ज्याला बोलावतात तो. त्याच ऑगस्टमध्ये त्याने सलग ४६ फलंदाजांना बाद करून मेजर लीगचा विक्रम केला होता, तरी तो शेवटच्या रांगेतच होता. पेटिटने सहा इनिंगमध्ये एकही रन दिला नाही. अठराव्यात ब्रँडन बेल्टने होमरन मारला आणि सामना २-१ असा जायंट्सकडे आला. वॉशिंग्टनच्या मॅनेजरने नवव्या इनिंगमध्ये, एकच फलंदाज बाद करायचा राहिला असताना, छान चाललेल्या जॉर्डन झिमरमनला काढलं होतं आणि तिथेच बरोबरी झाली होती. मॅनेजरचा एक निर्णय किती महाग पडतो ते त्या एका रात्रीत दोन्ही बाजूंनी दिसलं.

पुढच्या फेरीत सेंट लुइसविरुद्ध पाचवा सामना. लेफ्ट फील्डला ट्रॅव्हिस इशिकावा उभा. तो मुळात फर्स्ट बेसचा खेळाडू, त्या मोसमाची सुरुवात पिट्सबर्गकडून केलेला, आणि मधल्या काळात खेळणं सोडून द्यायच्या विचारात आलेला. २०१० च्या जायंट्स संघातही तो राखीव होता. आठव्या इनिंगमध्ये बाकावरून आलेल्या मायकेल मोर्सने होमरन मारून बरोबरी साधली. नवव्यात इशिकावाने तीन रनांचा होमरन मारून संघाला वर्ल्ड सिरीजमध्ये नेलं.

वर्ल्ड सिरीज कॅन्सस सिटी रॉयल्सविरुद्ध होती. रॉयल्सचा मॅनेजर नेड योस्ट. तोही मिलवॉकी, टेक्सास आणि माँट्रियलचा राखीव कॅचर, मग अटलांटाचा कोच, मग मॅनेजर. दोन्ही डगआउटमध्ये दुसऱ्या क्रमांकाचे कॅचर, आणि मालिका ३-३ वर आलेली.

सातवा सामना, २९ ऑक्टोबर, कॅन्सस सिटी. जायंट्सकडून ३९ वर्षांचा टिम हडसन सुरुवातीला आला. दुसऱ्या इनिंगमध्ये २-२ अशी बरोबरी झाली, आणि तिसरा फलंदाज बाद व्हायच्या आतच बोचीने हडसनला थांबवलं. सोळा मोसम वाट पाहून हडसन पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजमध्ये पोचला होता, तरी थांबवलं. अॅफेल्टने २⅓ इनिंग ओढून नेल्या. तिसऱ्या इनिंगमध्ये एरिक हॉस्मर फर्स्ट बेसवर झेपावत पोचला आणि पंचांनी त्याला नाबाद दिलं. रिप्ले मागायचा व्यापक नियम त्याच मोसमात आला होता. बोचीने तो वापरला, निर्णय फिरला आणि डबल प्ले, म्हणजे एकाच चेंडूवर दोघे बाद, पूर्ण झाला. चौथ्या इनिंगमध्ये मोर्सच्या हिटवर सँडोव्हाल घरी आला, ३-२.

पाचव्या इनिंगला बुलपेनचं दार उघडून बमगार्नर आला. तीनच दिवसांपूर्वी पाचव्या सामन्यात त्याने ११७ चेंडू टाकून पूर्ण सामना एकही रन न देता संपवला होता. पहिल्याच फलंदाजाने त्याला हिट मारली. बोची जागचा हलला नाही. त्यानंतर बमगार्नरने ओळीने चौदा जणांना बाद केलं. इनिंगमागून इनिंग गेली. प्रत्येक वेळी बोचीसमोर तोच प्रश्न होता: आता बदलायचं का? बुलपेनमध्ये सेर्हियो रोमो आणि सँटियागो कॅसिया होते, दोघंही जबाबदारीच्या जागी काम केलेले. बोचीने बमगार्नरला राहू दिलं.

नवव्या इनिंगमध्ये दोन बाद झाल्यावर अॅलेक्स गॉर्डनची हिट सेंटर फील्डला निसटली, मागे भिंतीकडे गेली, तिथेही धड उचलली गेली नाही, आणि गॉर्डन थर्ड बेसवर पोचला. त्याला थर्ड बेस कोच माइक जिर्शेलीने तिथेच थांबवलं. पळवला असता तर, यावर कॅन्सस सिटीत अजून वाद घालतात. थ्रोसाठी उभा असलेला ब्रँडन क्रॉफर्ड आणि त्याचा हात पाहता थांबवणंच बरोबर होतं असं माझं मत आहे. आता बॅटवर साल्व्हादोर पेरेझ, रॉयल्सचा कॅचर. दुसऱ्या इनिंगमध्ये त्याच्या पायावर चेंडू लागला होता. आणि त्या सिरीजमध्ये बमगार्नरविरुद्ध ज्याने एकमेव रन काढला, पहिल्या सामन्यात होमरन मारून, तो हाच पेरेझ. कुठल्याही मॅनेजरला इथे उठून चालत जायचा मोह झाला असता. बोचीने बदल केला नाही. बमगार्नरने वर वर चढत जाणारे फास्टबॉल टाकले, पेरेझचा झेल थर्ड बेसजवळच्या फाउल टेरिटरीत उडाला आणि सँडोव्हालने तो घेतला. बमगार्नरचे पाच इनिंग आणि ६८ चेंडू झाले होते.

हडसनला लवकर काढणं आणि बमगार्नरला न काढणं हे एकाच सामन्यातले दोन विरुद्ध निर्णय आहेत. त्यांना जोडणारा नियम कुठल्या तक्त्यात सापडत नाही. दोन्ही वेळा बोचीने समोरच्या माणसाच्या चेंडूत आज काय शिल्लक आहे एवढंच पाहिलं. हे पाहणं म्हणजे बुलपेनमध्ये वर्षानुवर्षं चेंडू झेलणाऱ्याचं काम.

ही मांडणी इथेच थांबवली तर ती एकतर्फी होईल. ११ ऑक्टोबर २०१६, शिकागो कब्जविरुद्ध चौथा सामना. मॅट मूरने आठ इनिंगमध्ये १२० चेंडू टाकले आणि जायंट्स ५-२ पुढे होते. नवव्यात बोचीने मूरला थांबवलं. मग एकामागून एक पाच पिचर आणले, शिकागोने चार रन काढले, सामना ६-५ गेला आणि मोसम संपला. ज्या हातखंड्यावर त्याची कीर्ती उभी होती, तोच तिथे उलटला. मला यात निर्णयाची चूक कमी आणि हातात असलेल्या माणसांची उणीव जास्त दिसते, कारण २०१० ते २०१४ चं बुलपेन तोवर थकलं होतं. १२० चेंडूंनंतर मूरला ठेवणंही जोखमीचंच होतं. तरी पाच जणांना मिळून तीन फलंदाज बाद करायला एवढा त्रास व्हावा, याची जबाबदारी शेवटी चेंडू देणाऱ्याचीच, आणि ती त्याने दुसऱ्यावर ढकलली नाही. पुढची तीन वर्षं वाईट गेली, २०१७ मध्ये पुन्हा ९८ पराभव. २०१९ च्या अखेरीस २,००३ विजयांवर तो निवृत्त झाला. मधे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत स्टेंट बसवून झाले होते.

आपल्याकडे अशा माणसाची ओळख पटवायला चंदू पंडितचं नाव पुरेसं आहे. किरण मोरे असताना कसोटी संघात यष्टिरक्षकाची जागा मिळणं कठीण, त्यामुळे पाच कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामन्यांवर कारकीर्द आटोपली. पुढे प्रशिक्षक म्हणून मुंबईला रणजी करंडक, मग कधीच न जिंकलेल्या विदर्भाला २०१७-१८ आणि २०१८-१९ असा लागोपाठ दोनदा, आणि २०२२ मध्ये मुंबईलाच हरवून मध्य प्रदेशाला. यष्टीमागे बसून खेळ वाचणं आणि संघात असूनही जागा पक्की नसणं, या दोन्ही गोष्टी त्यालाही ठाऊक होत्या.

बोचीच्या कारकिर्दीत कॅचरपणाचा आणखी एक ठळक पुरावा आहे. मे २०११ मध्ये घरी धाव घेणारा खेळाडू बस्टर पोझीवर आदळला. पोझीच्या पायाचं हाड मोडलं, घोट्याचे लिगामेंट फाटले, मोसम संपला. अशी टक्कर तेव्हा खेळाचा रिवाज मानली जायची आणि जुने कॅचर ती सोसल्याचा अभिमान बाळगायचे. बोचीने जाहीरपणे नियम बदलायची मागणी लावून धरली. २०१४ मध्ये होम प्लेटवरच्या टकरींवर बंधन घालणारा नियम आला.

निवृत्तीनंतर त्याने जन्मभूमीच्या, म्हणजे फ्रान्सच्या संघाला २०२२ मध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिकच्या पात्रता फेरीत सांभाळलं. संघ पात्र ठरला नाही. त्याच वर्षी टेक्सास रेंजर्सच्या ख्रिस यंगने त्याला बोलावलं. २००६ च्या पॅड्रेज संघात यंग पिचर होता आणि बोची त्याचा मॅनेजर. टेक्सासने २०२१ मध्ये १०२ आणि २०२२ मध्ये ९४ सामने गमावले होते. २०२३ मध्ये बोचीबरोबर ते ९० सामने जिंकून बाद फेरीत गेले आणि परक्या मैदानांवरचे अकराच्या अकरा सामने जिंकत वर्ल्ड सिरीज घेऊन आले.

त्या ऑक्टोबरातल्या दोन गोष्टी. ह्यूस्टनविरुद्ध पाचव्या सामन्यात नवव्या इनिंगमध्ये होसे लेक्लर्कला होजे अल्टूव्हेने तीन रनांचा होमरन मारला आणि हातातला सामना गेला. पुढच्याच सामन्यात आठव्या इनिंगमध्ये संघ अडचणीत असताना बोचीने चेंडू पुन्हा लेक्लर्कला दिला. बेस भरलेले असताना त्याने फलंदाजाला स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं. सातवा सामना संपवायलाही तोच होता. मग वर्ल्ड सिरीजमध्ये भरात असलेला अदोलिस गार्सिया जखमी झाला. त्याच्या जागी ट्रॅव्हिस जँकोव्स्की आला, जो तोवर बहुतेक काळ बाकावर बसलेला. चौथ्या सामन्यात त्याने दोन हिट मारल्या, त्यांतल्या एकीवर दोन रन आले, आणि टेक्सास ११-७ ने जिंकलं.

पेटिट, इशिकावा, मोर्स, रॉस, झीटो, जँकोव्स्की. चार विजेतेपदांत ही नावं इतक्या वेळा येतात की मला त्यात एक पद्धत दिसते. लांब मोसमात राखीव माणूस विसरला तरी चालतं. ऑक्टोबरात कधीतरी अठरावी इनिंग येते आणि शेवटचा माणूस तयार असावा लागतो. तो तयार राहतो का, हे एप्रिलपासून त्याच्याशी कोण कसं बोललं यावर अवलंबून असतं.

राखीव कॅचर असणं एवढ्यानेच मॅनेजर घडतो असं मात्र नाही. टँपा बेचा केव्हिन कॅश हाही .१८३ सरासरीचा राखीव कॅचर. २०२० च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात त्याने ब्लेक स्नेलला ७३ चेंडूंवर काढलं, तेव्हा स्नेलने नऊ जणांना स्ट्राइकआउट केलेलं होतं आणि टँपा १-० पुढे होता. लॉस एंजलिस डॉजर्स ३-१ ने जिंकले. आधी ठरलेल्या आराखड्याप्रमाणे तो निर्णय सुसंगत होता, आणि कॅश उत्तम मॅनेजर आहे. पण बमगार्नरला राहू देणाऱ्या बोचीने त्या क्षणी स्नेलचा चेंडू पाहिला असता असं मला वाटतं.

फरक कदाचित वाटेतल्या वर्षांचा असेल. कॅश खेळ थांबवल्यावर एक वर्ष प्रतिस्पर्धी संघांची टेहळणी आणि दोन वर्षं बुलपेन कोच एवढं करून मॅनेजर झाला. क्लीव्हलंडचा स्टीव्हन व्होट, तोही कॅचर, २०२२ मध्ये खेळायचा थांबला, एक वर्ष सिअॅटलमध्ये बुलपेन कोच होता आणि २०२४ मध्ये थेट मॅनेजर. स्पोकेन ते विचिटा हा रस्ता आता सहसा कुणी चालत नाही. व्होटला त्याची उणीव अजून भासलेली नाही. २०२५ मध्ये बोचीच्या टेक्सासने ८१ जिंकले, ८१ हरले, मोसम संपताच तो तिथून बाहेर पडला, आणि त्या वर्षी अमेरिकन लीगच्या सर्वोत्तम मॅनेजरचा मान लागोपाठ दुसऱ्यांदा व्होटला मिळाला.